एक साइज वरचा टायर

मोटारीच्या टायरच्या बाजूवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असा काहीतरी मजकूर उठावाच्या अक्षरांत असतो. गाडीचा मालक तो सहसा वाचत नाही. गाडी घेताना त्याने सीटकव्हरचा रंग, म्युझिक सिस्टिम आणि डिलिव्हरीचा मुहूर्त यांची बारकाईने चौकशी केलेली असते. टायरवरचे आकडे वाचायला खाली वाकावे लागते, आणि नव्या गाडीसमोर माणूस वाकतो तो फक्त नारळ फोडताना. हा मजकूर मन लावून वाचणारे दोघेच : टायर विकणारा दुकानदार आणि अपघातानंतर येणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर. या दोघांच्या वाचनांमध्ये जो काळ जातो, त्या काळात मालक सुखी असतो.

मजकुराचा अर्थ अवघड नाही, फक्त लिहिणाऱ्याने मापे एका जातीची ठेवलेली नाहीत. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ ही टायरच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या टक्क्यांत. म्हणजे १८५ चे ६५ टक्के, १२०.२५ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल. बऱ्याच जणांना तो रेडियस वाटतो आणि मग ते पुढच्या १५ ला त्रिज्या समजून चालतात. ती त्रिज्या नसून रिमचा व्यास असतो, आणि तो इंचांत. ८८ हा भारांक; तक्त्यात पाहिले तर त्याचा अर्थ असा की हा एक टायर ५६० किलो वजन पेलतो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंत चालेल अशी हमी. शिवाय एका कोपऱ्यात चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२४. टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला असा त्याचा अर्थ. नव्या टायरचे पैसे देऊन तीन वर्षांचा टायर घरी नेणारे लोक आहेत, कारण हे चार आकडे पत्रिकेसारखे कोणी मागून घेत नाही.

कोणत्या गाडीला कोणता टायर, हे गाडी बनवणारी कंपनी ठरवते आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर लावून सांगते. तेच मॅन्युअलमध्येही छापलेले असते. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये त्याच्या मूळ प्लास्टिकच्या पिशवीसकट सुरक्षित असते आणि गाडी विकताना ‘मॅन्युअल अजून कोरे आहे’ असे अभिमानाने सांगता येते.

टायर बदलण्याची वेळ साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटरनंतर येते, आणि आकार बदलण्याची कल्पना त्याच दिवशी, दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, चहाच्या दुसऱ्या घोटाला येते. ती मालकाच्या डोक्यातून आली असे मालकाला वाटते.

“साहेब, कंपनीने दिलेला टायर म्हणजे अगदी सायकलचा वाटतो. एक साइज वर जाऊ.”

“काही प्रॉब्लेम नाही ना येणार?”

“शंभर गाड्यांना टाकलाय. एक कंप्लेंट नाही. गाडी कशी भरलेली दिसेल बघा.”

‘गाडी भरलेली दिसणे’ हे या व्यवसायातले सर्वोच्च मूल्य आहे. ते कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही; चार पावले मागे जाऊन, मान थोडी तिरपी करून ते पाहायचे असते. त्याच्या खालोखाल ‘ग्रिप वाढते’ हा युक्तिवाद येतो. तो कोरड्या रस्त्यावर काही अंशी खरा आहे. पावसात मात्र रुंद टायरला रस्त्यावरचे पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात आणि पाण्यावरून घसरण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हा तपशील महत्त्वाचा ठरतो, पण टायर बहुधा दिवाळीत बदलले जातात. तिसरा युक्तिवाद गाडीची उंची वाढण्याचा. सोसायटीचा स्पीड ब्रेकर दरवर्षी एक थर डांबर खाऊन वाढत असल्याने गाडीनेही वाढावे, असा हा विचार आहे. १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ बसवला की टायरचा व्यास २६ मिलिमीटरने वाढतो. गाडी वर उचलली जाते ती त्याच्या निम्मी, १३ मिलिमीटर. स्पीड ब्रेकर तेवढा वर्षभरात वाढतो.

उलट दिशेने जाणारेही आहेत. त्यांना गाडी भरलेली दिसायला नको असते. बिल भरलेले दिसायला नको असते. १८५ ऐवजी १७५ घेतला की टायरमागे काही शे रुपये वाचतात, मायलेज वाढते असे कोणीतरी सांगितलेले असते, आणि ‘दहा मिलिमीटरने काय होतंय’ हा प्रश्न त्यांच्या बाजूने असतो. या गटाची चर्चा कमी होते, कारण त्यांच्या गाड्यांकडे कोणी वळून पाहत नाही. विम्याच्या दृष्टीने मात्र लहान टायरचे प्रकरण अधिक वाईट आहे. त्याचे कारण पुढे भारांकाच्या हिशेबात येईल.

आकार बदलण्याची एक शिस्तशीर पद्धत आहे आणि ती गाडीच्या कंपन्या स्वतः पाळतात. मारुतीच्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येतो. रिम एक इंचाने मोठी, टायर वीस मिलिमीटरने रुंद; पण हिशेब केला तर पहिल्याचा एकूण व्यास ६१९.६ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२१.५. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. रिम मोठी झाली तेवढी भिंत बुटकी केली, की बाहेरचा घेर तोच राहतो. गिअरचे गुणोत्तर, स्पीडोमीटर, एबीएसचे सेन्सर, मडगार्डमधली जागा या सगळ्यांचे गणित त्या घेरावर बांधलेले असते. म्हणून जाणकार मेकॅनिक मूळ व्यासापासून दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे सांगतात. खालच्या मॉडेलच्या मालकाने वरच्या मॉडेलची चाके बसवली, तर त्याने कंपनीच्याच कपाटातले कपडे घातले असे म्हणता येते. दुकानातला ‘एक साइज वर’ बहुतेक वेळा असा नसतो. तिथे रिम तीच राहते, टक्के तेच राहतात, फक्त रुंदी वाढते. आणि टक्के रुंदीचे असल्याने उंचीही आपोआप वाढते. १८५/६५ वरून २०५/६५ वर गेलेल्या गाडीचे चाक ४.२ टक्क्यांनी मोठे होते.

त्याचा पहिला परिणाम स्पीडोमीटरवर. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण मीटर फेरे मोजतो, अंतर नाही. मीटरवर १०० दिसत असताना वेग पूर्वी होता त्याहून चार किलोमीटरने जास्त असतो. कंपन्या मीटर मुळातच थोडा फुगवून दाखवणारे बसवतात, कारण मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणे नियमात बसत नाही, जास्त दाखवलेला चालतो. त्यामुळे मोठे टायर बसवलेल्या काही गाड्यांचा मीटर आयुष्यात पहिल्यांदा खरे बोलू लागतो. काहींचा मात्र खऱ्याच्या पलीकडे जातो, आणि द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्याने पाठवलेले चलन घेऊन मालक ‘मी शंभरवरच होतो’ असे शपथेवर सांगतो. तो खोटे बोलत नसतो. ओडोमीटरही त्याच प्रमाणात मागे राहतो. गाडी १०,४१८ किलोमीटर धावते आणि नोंद दहा हजारांची होते. मग पेट्रोल पंपावर हिशेब केला की मायलेज पडलेले दिसते. यातला काही भाग खरा असतो, कारण रुंद आणि जड टायर पेट्रोल खातो. चार टक्के मात्र निव्वळ मीटरने गिळलेले असतात. मालक सर्व्हिस सेंटरला जाऊन इंजिन तपासून घेतो.

भारांकाकडे कोणाचेच लक्ष नसते, आणि सर्व्हेअरचे असते. १८५/६५ आर १५ चा भारांक ८८, म्हणजे ५६० किलो. घेर तोच ठेवून सोळा इंची रिमवर जायचे तर १९५/५५ आर १६ हा चोख पर्याय आहे, व्यास ६२०.९ मिलिमीटर, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पण या आकाराचा टायर बहुधा ८७ भारांकाचा मिळतो, म्हणजे ५४५ किलोचा. चार चाकांचे मिळून ६० किलो कमी झाले : मागच्या सीटवरचा एक मामा. १७५/६५ आर १५ घेतला तर भारांक ८४, म्हणजे ५०० किलो. चार चाकांवर २४० किलो गेले. छोटी गाडी रिकामी धावते तेव्हा याने काही बिघडत नाही. पण आपल्याकडे पाच सीटच्या गाडीतून देवदर्शनाला सातजण, दोन बॅगा, प्रसादाचे नारळ आणि परतीला तांदळाचे पोते जाते. मेच्या दुपारी, हवा कमी असलेल्या टायरवर, ताशी शंभरच्या वेगाने. टायर फुटण्यासाठी लागणाऱ्या सर्व गोष्टी इथे एकत्र येतात, आणि त्यात कमी भारांकाची भर पडली की विमा कंपनीच्या वकिलाला फारसे काम उरत नाही.

बाकीचे यांत्रिक परिणाम थोडक्यात सांगता येतात. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आतल्या लायनरला घासतो आणि मालक ‘सवय होईल’ असे म्हणतो. त्याला होते, लायनरला होत नाही. प्रत्येक टायरला रिमची ठरावीक रुंदी लागते. २०५/६५ आर १५ ला साडेपाच ते साडेसात इंच रुंदीची रिम चालते. पाच इंची रिमवर तो बसवता येतो, हवा भरता येते, आणि वळणावर तो बाजूला लोळतो. बेअरिंग आणि सस्पेन्शनवर जादा ताण येतो, आणि वॉरंटीच्या दाव्यात सर्व्हिस सेंटरला ही गोष्ट अचूक दिसते. एरवी त्याच सर्व्हिस सेंटरला चार वेळा सांगूनही डाव्या दाराचा खडखडाट ऐकू येत नाही.

स्टेपनी ही या सर्व प्रकरणातली विसरलेली पाचवी बहीण. चार टायर बदलण्याचे पैसे असतात, पाचव्याचे नसतात. तेव्हा गाडीखाली चार नवे रुंद टायर आणि डिकीत जुन्या मापाचा एक अशी व्यवस्था होते. खंबाटकी घाटात पंक्चर झाले की एकाच अॅक्सलवर दोन वेगळ्या व्यासांची चाके येतात, एबीएस गोंधळते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि गाडी लंगडत वाईला पोचते.

बुटक्या भिंतीच्या टायरबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तरुण मालकांचा ओढा तिकडे आहे. २०५/४५ आर १७ हा टायर रिमवर काळ्या रंगाची किनार काढल्याइतकाच दिसतो. त्याची भिंत ९२ मिलिमीटरची. मूळ भिंत १२० मिलिमीटरची होती. हे २८ मिलिमीटर रबर आणि त्यातली हवा खड्ड्याचा धक्का झेलण्यासाठी ठेवलेली होती. ती काढून टाकल्यावर धक्का रिम झेलते, मग सस्पेन्शन झेलते, मग कंबर झेलते. भिंतीतले धागे तुटून टायरला बाजूने फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकून द्यावा लागतो. जर्मनीतल्या गुळगुळीत महामार्गांसाठी जन्मलेली ही फॅशन आपल्याकडच्या ऑगस्ट महिन्याशी बोलून ठरवलेली नव्हती. गंमत म्हणजे त्या जर्मनीत अशी चाके बसवायची तर तांत्रिक तपासणी करून घ्यावी लागते आणि नियमबाह्य बदलाने गाडीची रस्त्यावर चालण्याची मान्यताच जाऊ शकते. पुण्याहून श्टुटगार्टला नोकरीला गेलेला इंजिनिअर तिथे मुकाट्याने कागद करतो, आणि सुट्टीत घरी आला की भावाच्या गाडीला एक साइज वरचा टायर सुचवतो.

दुसऱ्या टोकाला थारचे मालक. या गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीच २५५/६५ आर १८ देते. व्यास ७८९ मिलिमीटर. तरीही ती चार पावले मागून कमी भरलेली दिसते आणि मग २८५/७० आर १७ येतो : व्यास ८३१, वाढ ५.३ टक्के. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो आणि मागच्या गाडीच्या काचेवर ताम्हिणीचा चिखल पोचवतो. डोंगरदऱ्यांसाठी केलेली ही तयारी वर्षातले बहुतेक दिवस मॉलच्या तळघरातील पार्किंगमध्ये, पिलरपासून चार इंचांवर उभी असते.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीपुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचले आणि कंपनीच्या मूळ तपशिलात बदल चालणार नाही असे म्हटले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ नव्याने लिहिले गेले. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचून चार टायर म्हणजे चार बदल की एक, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक पुणेकराला पडू शकतो.

पण याच कलम ५२ चे स्पष्टीकरण म्हणते की ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने त्याचे मूलभूत स्वरूप बदलते. वीस मिलिमीटर रबराने मोटारीचे मूलभूत स्वरूप बदलते का? मालक म्हणतो, नाही. मग त्याने बदलले कशासाठी, हा प्रश्न उरतो. शिवाय ट्रक-टेम्पोसारख्या व्यावसायिक वाहनांच्या नोंदणीत टायरची संख्या आणि आकार लिहिलेला असतो. खासगी मोटारीच्या आर. सी.वर तो साधारणपणे नसतोच. जे लिहिलेलेच नाही त्याच्याशी विसंगती कशी दाखवायची, यावर चौकात पोलिस आणि मालक यांच्यात पाच-दहा मिनिटांची चर्चा होऊ शकते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९४ वा नियम टायरच्या स्थितीचा आणि ९५ वा आकाराचा आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर विचारले जाते ते स्थितीबद्दल : मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली झिजली की तो टायर नियमबाह्य. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून होणारे अपघात पाहून आर.टी.ओ.ने प्रवेशावर टायर तपासले ते याच कारणाने, टक्कल शोधण्यासाठी. तिथे रुंद टायरवाला छाती काढून जातो, कारण त्याचे टायर नवे असतात.

तात्पर्य, आर.टी.ओ. ही या विषयातली मवाळ संस्था आहे. जहाल संस्था विमा कंपनी.

विम्याचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात. पहिला तृतीय पक्षाचा, जो कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी यासाठी तो असतो, आणि म्हणून कंपनीला नकार देण्याची कारणे कायद्याने मोजकी ठेवली आहेत : परवाना नसलेला चालक, खासगी गाडीचा भाड्याने वापर, शर्यत वगैरे. रुंद टायर या यादीत नाही. पण महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली, हे कारण यादीत आहे, आणि पाय तिथे अडकू शकतो. तशा वेळी जखमीला पैसे मिळाले तरी कंपनी ते नंतर मालकाकडून वसूल करण्याची परवानगी न्यायाधिकरणाकडे मागू शकते.

टायर आणि नशीब यांच्या नात्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट मत दिले आहे. २०१० साली पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या एका मोटारीचा टायर फुटून अपघातात एका तरुणाचा मृत्यू झाला होता. टायर फुटणे ही दैवी घटना आहे, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते नाकारले : टायर फुटणे हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, जादा वेग, कमी किंवा जादा हवा, जुना टायर, तापमान ही त्याची कारणे, आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे काम. कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई कायम राहिली. या निकालाने कुटुंबाला न्याय मिळाला. मालकवर्गाने मात्र त्यातले दुसरे वाक्य वाचलेले नाही. तृतीय पक्षाच्या दाव्यात जो निष्काळजीपणा कंपनीला पैसे द्यायला लावतो, तोच निष्काळजीपणा मालकाच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात कंपनीच्या हातात येतो.

तो दुसरा भाग, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. इथे करार कंपनी आणि मालक यांच्यातला, आणि पॉलिसीच्या अटी बारीक टायपात. त्यांतली एक अट म्हणते की मालकाने गाडीला नुकसानीपासून जपण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी आणि ती कार्यक्षम स्थितीत ठेवावी. दुसरी, टायरचे नुकसान गाडीच्या इतर भागाबरोबर झाले तरच भरून मिळेल, आणि तेही नव्या टायरच्या किमतीच्या निम्मे. म्हणजे खड्ड्यात फक्त टायर गेला तर शून्य. टायरबरोबर बंपरही गेला तर टायरचे अर्धे. घसारा न कापणारे ‘झीरो डेप’ कव्हर घेतलेले असले तरी त्यातून टायर बहुधा वगळलेले असतात. चार टायरचे चाळीस हजार मोजलेल्या माणसाला ही अट पहिल्यांदा सर्व्हेअर सांगतो, आणि बंपर जागेवर राहिल्याचे दुःख होण्याची आयुष्यातली ती एकमेव वेळ असते.

पॉलिसीची रक्कम ठरते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. गाडीच्या कंपनीची जाहीर किंमत, त्यातून वयाप्रमाणे घट : सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीला १५ टक्के, पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के. यात कंपनीने लावलेली चाके धरलेली असतात. नंतर लावलेली अलॉय व्हील आणि टायर धरलेले नसतात. ते धरायचे असतील तर बिगर-विद्युत अॅक्सेसरी म्हणून किंमत कळवून वेगळी नोंद करावी लागते. न कळवलेली साठ हजारांची अलॉय रात्रीत चोरीला गेली आणि सकाळी गाडी चार विटांवर उभी दिसली, तर विम्याच्या दृष्टीने चोरीला गेले ते कंपनीचे साधे चाक, जे मालकाने पूर्वीच भंगारात दिलेले असते.

आता सर्व्हेअर. नुकसान ५०,००० रुपयांच्या वर असेल तर परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागते. तो चॅसिस नंबरचा फोटो काढतो, ओडोमीटरचा काढतो, मग प्रत्येक टायरपाशी बसून बाजूचा मजकूर टिपतो. गाडी झाडाखाली उभी असताना गुलमोहराची फांदी टपावर पडली असेल, तर टायरचा आकार आणि फांदी यांचा संबंध जोडणे अवघड असते. असे दावे सहसा सुटतात. गाडी वळणावर घसरून उलटली असेल तर मात्र संबंध आपोआप जुळतो. टायर रुंद असल्याने अपघात झाला हे सिद्ध होईल की नाही, हे पुढचे. तोवर फाइलवर ‘मूळ तपशिलात बदल, कंपनीस कळवलेला नाही’ असा शेरा पडतो आणि पत्रव्यवहार सुरू होतो. विम्याच्या कराराचा पाया परस्परांवरचा पूर्ण विश्वास आहे, असे ते पत्र सांगते. सही कोणाची आहे, ते वाचता येत नाही.

सगळेच दावे फेटाळले जातात असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या एका प्रकरणात, पॉलिसीची अट मोडली तरी दावा सरसकट नाकारू नये, तो ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर मिटवावा, असे म्हटले. या पद्धतीत मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात. नॉन-स्टँडर्ड टायरवाल्यांसाठी नॉन-स्टँडर्ड तडजोड, अशी ही सोय आहे. तीही नाकारली गेली तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, फी लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची तक्रार ऐकली जाते. तिथे जाताना टायरचे बिल न्यावे लागते. बिलावर दुकानदाराने ‘टायर ४ नग’ एवढेच लिहिलेले असते.

या सगळ्या त्रासावर जो उपाय आहे तो इतका स्वस्त आहे की त्यामुळेच तो कोणी करत नाही. विमा कंपनीला लेखी कळवायचे : अमुक आकाराचे टायर, अमुक रिम, अमुक किंमत, आणि पॉलिसीवर तशी नोंद, म्हणजे एन्डॉर्समेंट, करून मागायची. विम्याच्या जुन्या दरपत्रकात पुणे-मुंबईतल्या हजार ते पंधराशे सीसीच्या नव्या गाडीचा दर ३.२८३ टक्के होता. त्या हिशेबाने साठ हजारांच्या चाकांचा वर्षाचा हप्ता दोन हजारांच्या आत येतो, आणि २००७ पासून दर मोकळे झाल्यावर कंपन्या त्यावर सूटही देतात. गाडीला मागे लावलेल्या ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ या रेडियमच्या अक्षरांना मालकाने घासाघीस करून दिलेला वेळ या पत्रापेक्षा जास्त असतो.

पत्राऐवजी होतो तो फोन, एजंटला.

“दादा, टायर मोठे टाकलेत. कंपनीला सांगावं लागेल का?”

“छे हो, काही होत नाही. एवढं कोण बघतंय?”

हा एजंट खोटारडा नसतो. त्याच्या अनुभवात खरोखर काही झालेले नसते, कारण ज्यांना झाले ते दुसऱ्या एजंटकडे गेले. दाव्याच्या वेळी हे संभाषण फाइलमध्ये नसते. कंपनीने पत्राला नकार दिला तरी फायदाच आहे; नकार लेखी असतो आणि टायर दुकानातून उचलण्यापूर्वी मिळालेला असतो.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्याची अवस्था सर्वांत निरागस. त्याला गाडी भरलेली दिसली म्हणूनच आवडलेली असते. टायर मूळ मापाचे नाहीत हे त्याला माहीत नसते, विकणाऱ्याने सांगितलेले नसते, आणि पॉलिसी त्याच्या नावावर होताना ‘वाहनात काही बदल केला आहे का’ या रकान्यात तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असे लिहितो.

तेव्हा वाचकाने निदान एवढे करावे : गाडीचे ड्रायव्हरकडचे दार उघडून चौकटीवरचा स्टिकर वाचावा, मग खाली वाकून चारही टायर आणि डिकीतली स्टेपनी वाचावी. आकडे जुळत असतील तर प्रश्न नाही. जुळत नसतील आणि टायरचा भारांक स्टिकरवरच्यापेक्षा कमी असेल, तर टायर बदलावेत. भारांक पुरेसा असून फक्त आकार वेगळा असेल, तर आजच विमा कंपनीला ई-मेल करावा. तो मराठीतही चालतो.